पाहुणे आले की काढायची पाचर

४ फेब्रुवारी, मंगळवार

डाव्या हाताने लिहितोय. कोंबडीचे पाय नुसते! हाताचे व्यायाम घेणारी बाई म्हणाली, रोज लिहा, काहीही लिहा, अगदी शिव्या लिहिल्यात तरी चालतील. शिव्याच लिहायच्या तर ही वही पुरायची नाही, बाई.

दमलो. उद्या बघू.

५ फेब्रुवारी, बुधवार

उजव्या हाताला आता अंगठा आणि करंगळी. मधली तिन्ही बोटं कटिंग मशीनने नेली. छापखान्यात आख्खी हयात कागद कापण्यात गेली, एवढंसं खरचटलं नव्हतं कधी. आणि गेली ती एका दमात. दुखलंही उशिराने.

आज मॅनेजर घरी आले होते, फळांची टोपली घेऊन. बसले, पंख्याकडे बघितलं, भिंतीकडे बघितलं, हाताकडे नाही बघितलं. मग गोड आवाजात म्हणाले, मशीन तपासून घेतलं, ठणठणीत आहे. दोन बटणं आहेत, दोन्ही हातांनी एकदम दाबल्याशिवाय पातं खाली येतच नाही. ‘मग तुमचा हात तिथे गेला कसा, हेच कळत नाही बघा.’

कळत नाही! छापखान्यातल्या मांजरालासुद्धा कळतं. ही चहा घेऊन आली तोवर ते उठले होते. सफरचंदं तशीच पडलीत. सोलणार कोण? हिने सोलून दिलं, मी खाल्लं नाही.

१० फेब्रुवारी, सोमवार

वकील केला! बसच्या पाठीवर ज्यांचा फोटो असतो ना, हाताची घडी घातलेला, तेच. ‘जखम तुमची, लढाई आमची.’ ही म्हणत होती, जाहिरात करणारा आचारी आणि जाहिरात करणारा वकील, दोघांकडे जाऊ नये. मी म्हटलं, तुझं आपलं काहीतरीच.

ऑफिस चकाचक. माशांची टाकी, थंडगार हवा, मऊ कोच. कोचात एवढा रुतलो की एका हाताने उठता येईना, हिने ओढून काढलं. तासभर बसल्यावर आत बोलावलं. वकीलसाहेबांचा एक डोळा फोनवर. म्हणाले, काळजी सोडा, अशा केसेस आम्ही डाव्या हाताने जिंकतो. मग विचारलं, कुठल्या हाताला लागलंय? पांढरं पागोटं बांधल्यासारखा हात त्यांच्या टेबलावर ठेवलेला, आणि विचारतात कुठला! हातच्या काकणाला आरसा कशाला म्हणतात, इथे आरसा धरला तरी दिसेना.

सह्या केल्या. म्हणजे अंगठाच म्हणायचा तो.

१४ फेब्रुवारी, शुक्रवार

फोन केला. ‘साहेब मीटिंगमध्ये आहेत. सांगते हं.’

१५ फेब्रुवारी, शनिवार

‘सांगते हं.’

१९ फेब्रुवारी, बुधवार

गेलो तडक. माशांसमोर बसलो. आता मला एकेक मासा ओळखता येतो. शेवटी साहेब बाहेर आले, मला बघून हसले, खांद्यावर हात ठेवला आणि विचारलं, त्या ट्रकचा नंबर मिळाला का?

कुठला ट्रक?

कुणा दुसऱ्याचा अपघात माझ्या नावावर खपवला होता, ठोकणाऱ्या ट्रकसकट. मी म्हटलं, साहेब, मला कागद कापायच्या मशीनने कापलंय, ट्रकने नाही. तर म्हणे, हो हो, तेच ते. तेच ते? पायाखालची फरशी उचलून त्या टाकीत घालावीशी वाटली. माझे कागद परत मागितले. ती ‘सांगते हं’वाली मुलगी मात्र पटकन देऊन मोकळी झाली, बिचारी सरावलेली असणार.

घरी येईपर्यंत ही एक शब्द बोलली नाही. तिने आचाऱ्याचा विषय काढला असता तर बरं वाटलं असतं.

२७ फेब्रुवारी, गुरुवार

नवीन वकीलबाई. हिनेच शोधल्या. ब्लाउज शिवायला टाकते त्या टेलरच्या वरच्या मजल्यावर बसतात. अरुंद जिना, एक खोली, खालून शिलाई मशीनची घरघर. बाईंना सर्दी. नाक पुसत पुसत म्हणाल्या, आधी तुम्ही मला कागद कापून दाखवा.

टेबलावर दोन पेपरवेट ठेवले, ही बटणं. मध्ये पट्टी आडवी, हे पातं. म्हणाल्या, दाबा. मी डाव्या हाताने डावं दाबलं आणि उजवं दाबायला दुखऱ्या हाताचं कोपर टेकवलं. मग बाई पट्टीकडे बघत राहिल्या आणि म्हणाल्या, ‘दोन हात दोन बटणांवर. मग कापला गेला तो तिसरा हात कुणाचा?’

ही माझ्याकडे बघायला लागली. हिलाही मी कधी सांगितलं नव्हतं. कारखान्यातलं कारखान्यात ठेवायचं, आमची रीतच ती.

सांगितलं शेवटी. पाचर आहे. बोटभर लाकडाची, फोरमनने स्वतः तासलेली. उजव्या बटणाच्या फटीत ठोकली की ते दाबलेलंच राहतं. मग डाव्या हाताने नुसतं एक बटण मारायचं आणि उजव्याने कागद सरळ करत राहायचं. काम दुप्पट निघतं. पाचर न लावता काम केलं तर फोरमन विचारतो, आज तब्येत बरी नाही का? दोरी बांधून मशीनच्या बाजूला खिळ्याला टांगलेली असते. तपासणीवाले फाटकात आले की वॉचमन ओरडतो, ‘पाहुणे आले!’ की जो जवळ असेल त्याने पाचर काढून खिशात घालायची. मीही कितीदा घातलीय. पाहुणे गेले की परत ठोकायची. नवीन माणसाला मशीन शिकवायच्या आधी हे शिकवतात.

त्या दिवशी अँब्युलन्स आत आली आणि तो गाढव वॉचमन सवयीने ओरडला, ‘पाहुणे आले!’

मी खाली पडलेलो. व्याह्यांनी स्वतःचा शर्ट काढून माझ्या हाताला गच्च आवळून धरला होता. आणि दुसऱ्या हाताने पाचर काढली. मी बघितलं ते.

बाईंनी विचारलं, व्याही म्हणजे? ही म्हणाली, आमच्या मुलीचे सासरे. त्याच छापखान्यात बांधणी खात्यात आहेत. बाईंनी कागदावर ‘व्याही’ लिहून खाली दोन रेघा मारल्या.

२ मार्च, रविवार

व्याही आणि विहीणबाई भेटायला. चांगल्या खुर्च्या मांडल्या. हिने नवे कप काढले. उकाडा या विषयावर बोलून झालं. साखर वाढलीय, गोड बंद केलंय, यावर बोलून झालं. टाचदुखीवर विहीणबाईंनी तेल सांगितलं. माझा हात मांडीवर, सगळ्यांच्या मधोमध, आणि कुणी त्याच्याकडे बघत नाही!

ही मला डोळ्यांनी खुणावते, काढा विषय. कसा काढू? भाऊ असता तर गचांडी धरली असती. मित्र असता तर शिवी हासडली असती. तसे आम्ही मित्रच होतो की, एका डब्यात जेवणारे! मुलांचं लग्न ठरलं आणि ‘अरे’चं ‘अहो’ झालं. तेव्हापासून त्यांच्या चहात साखर कमी पडली तरी आम्ही माफी मागतो.

जाताना म्हणाले, जपा हं. जपा! आता काय जपू?

७ मार्च, शुक्रवार

वकीलबाईंचा निरोप आला म्हणून गेलो. त्यांनी छापखान्याकडून साक्षीदारांचं म्हणणं मागवलं होतं. सगळ्यांचं म्हणणं एकच, जसं काही एकाच ठशातून छापलंय. पाचर वगैरे कधी नव्हती. बटणं चालू होती. काय झालं ते कळलं नाही.

सगळ्यात वरती सही व्याह्यांची.

आता चोर सोडून संन्याशाला फाशी. मशीन चांगलं, पाचर नाही, म्हणजे मीच काहीतरी उपद्व्याप केला असणार, असं कंपनीचं म्हणणं. बाई म्हणाल्या, एक माणूस खरं बोलला तर पुरे, पण एक तरी हवा. मी जिना उतरताना कठड्याला उजवा हात धरायला गेलो आणि सटकलो. सवय जात नाही मेली.

१२ मार्च, बुधवार

गाठलं व्याह्यांना. सुट्टी व्हायच्या वेळी फाटकासमोरच्या चहावाल्याकडे उभा राहिलो. जुने सगळे बाहेर आले, मला बघून कुणी मान हलवली, कुणाला एकाएकी चपलेचा अंगठा तुटल्यासारखं वाकावं लागलं. व्याही मात्र आले. चहा सांगितला. माझ्या कपाखाली बशी धरली, मला एका हाताने जमत नाही म्हणून.

मी सगळी भडास काढली. ‘अहो’ म्हणूनच काढली, पण काढली. ते ऐकून घेत होते. मग म्हणाले, देवाशपथ, तुमच्यासाठीच काढली मी ती. पाचर सापडली असती तर कंपनीने म्हटलं असतं, यानेच ठोकली. सगळ्यांचं ठरलं, तुमच्यावर आळ येऊ द्यायचा नाही. म्हणून सगळ्यांनी एकच सांगितलं.

धन्य! मला वाचवायला सगळ्यांनी मिळून मला बुडवलं. आणि खोटं नव्हते बोलत ते, मी ओळखतो. मीही त्यांच्या जागी हेच केलं असतं, दुसरं काही करायचं सुचलंच नसतं.

म्हटलं, मग आता तरी सांगा खरं. तर म्हणाले, आता शब्द फिरवला तर नोकरी जाईल. पोरगा तिथलाच टेम्पो चालवतो, त्याचीही जाईल. मग म्हणाले, ‘तुमची लेक त्याच घरात जेवते, व्याही.’

धमकी नव्हती. धमकी असती तर बरं झालं असतं, चिडता आलं असतं. विचारलं, पाचर कुठे आहे? म्हणाले, खिळ्याला. दुसऱ्याच दिवशी परत लावली, रोजंदारीवर माणूस आणलाय एक.

चहाचे पैसे त्यांनीच दिले.

१५ मार्च, शनिवार

भांडण. वकीलबाई म्हणतात, व्याह्यांना समन्स काढू. कोर्टात शपथेवर उलटतपासणी घेते, बघू कसे बोलत नाहीत. मी म्हटलं, व्याह्यांना पिंजऱ्यात उभं करायचं नाही. बाईंनी रुमाल खाली ठेवला. म्हणाल्या, पुरावा द्यायचा नाही, साक्षीदार बोलवायचा नाही, मग मला नेमलंत कशाला?

बरोबरच आहे. पण करू काय? धरलं तर चावतंय, सोडलं तर पळतंय. रस्त्यात ही म्हणाली, हात तुमचा गेला आणि मान व्याह्यांचा सांभाळताय. मी म्हटलं, मान खड्ड्यात गेला, मला लेकीची काळजी आहे. ती म्हणाली, मला नाही का? आपलेच दात, आपलेच ओठ.

१६ मार्च, रविवार

काही नाही. बटण लावायला पुन्हा हिला हाक मारली. राग आला, तिचा नाही, बटणाचा.

२३ मार्च, रविवार

लेक आली होती. डाव्या हाताची नखं वाढलेली बघून म्हणाली, बाबा, हे काय वाघासारखं! खरंच की. डाव्याची नखं कापायला उजवा नाही आणि हिला नीट दिसत नाही, मी संकोचाने बोललो नव्हतो. तिने माझा हात मांडीवर घेतला आणि एकेक नख कापलं. लहानपणी मी तिची कापायचो, तेव्हा किती ओरडायची. मग उजव्याकडे वळली. करंगळीचं कापलं. अंगठ्याचं कापलं. मधल्या जागेवरून नुसता हात फिरवला, जसं काही तिथेही आहेतच.

म्हणाली, तुम्ही माझा विचार करून थांबू नका. मी म्हटलं, कशाचा विचार, कसलं थांबणं? उगाच मोठ्या माणसासारखं बोलू नकोस. ती हसली. ती गेल्यावर मी मोरीत जाऊन नळ सोडून रडलो. लिहून टाकलं. व्यायाम आहे.

१ एप्रिल, मंगळवार

कंपनी तडजोडीला तयार आहे. बाईंनी समजावलं. थोडे पैसे देतील, दवाखान्याचं बिल सुटेल, वर काही दिवस निघतील. अट एकच. माझ्याच निष्काळजीपणामुळे झालं, मशीनमध्ये बेकायदा काही नव्हतं, असं मी लिहून द्यायचं. बाईंना विचारलं, तुमचा सल्ला काय? नाक पुसून म्हणाल्या, साक्षीदार नसेल तर घ्या. मला आवडत नाहीये, पण घ्या. आठवड्याभरात कळवायचंय.

म्हणजे हात माझा गेला आणि चूकही माझीच. तोंड दाबून बुक्क्यांचा मार. ही म्हणाली, मला विचारू नका, तुम्ही ठरवाल ते. ती असं म्हणते तेव्हा तिचं आधीच ठरलेलं असतं.

तरी घ्यावं असं वाटतंय. कंटाळा आलाय. जिने चढायचा, निरोपांची वाट बघायचा, कुणाकुणाला तोच तो हात दाखवायचा. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच.

४ एप्रिल, शुक्रवार

ठरलं. सोमवारी सही करून टाकणार. सुटलो एकदाचा.

५ एप्रिल, शनिवार

लेकीचा फोन. आवाजात आनंद मावत नव्हता. जावईबापूंना टेम्पोवरून काढून मशीनवर घेतायत, पगार वाढणार. मीही म्हटलं, वा वा! आणि विचारलं, कुठलं मशीन?

तिला तोपर्यंत सुचलंच नव्हतं. मग हळूच म्हणाली, कटिंग.

जावयांना फोन केला. जावयाला उपदेश करू नये हे मला कळतं, तरी केला. म्हटलं, काहीही करा, पाचर लावू नका. दोन हात, दोन बटणं. ते म्हणाले, हो बाबा. मग म्हणाले, पण त्याशिवाय माल निघत नाही म्हणे. फोरमन म्हणतो, महिनाभर बघू, नाही जमलं तर परत टेम्पो. आणि हसले. पंचविशीतली पोरं, त्यांना वाटतं बोटं दुसऱ्यांचीच जातात. मलाही वाटायचं.

म्हणजे सोमवारी मी लिहून देणार, पाचर नव्हतीच. आणि जी नव्हतीच ती माझ्या जावयाच्या मशीनला ठोकलेली असणार. माझ्याच सहीने! डोकं फिरायची पाळी आली. एवढा वेळ मी लेकीच्या ताटाची काळजी करत बसलो होतो. वेडझवा कुठला.

७ एप्रिल, सोमवार

गेलो, जिना चढलो, बाईंना सांगितलं, सही नाही. त्या म्हणाल्या, साक्षीदार आणलाय? म्हटलं, नाही. ‘मग आपण हरू.’ म्हटलं, हरू. पण पाचर होती हे मी कोर्टात मोठ्याने सांगणार. कुणी लिहून घ्यायला तरी असेल ना तिथे? बाईंनी मला जरा निरखून बघितलं. रागावतील असं वाटलं होतं. तसं काही नाही. खालच्या टेलरला हाक मारून दोन चहा सांगितले.

ही म्हणाली, मला ठाऊकच होतं. ठाऊक होतं तर आधी बोलायचं!

८ एप्रिल, मंगळवार

सकाळी दार वाजलं. व्याही. कामाची वेळ, डबा हातात तसाच. खुर्ची पुढे केली तर बसले नाहीत. खिशातून पाचर काढली आणि माझ्या डाव्या हातात ठेवली, दोरीसकट.

फोरमनने पोराला मशीनसमोर उभं केलं आणि यांनाच सांगितलं, तुम्ही जुने, तुम्ही ठोकून द्या. यांनी ठोकली. पोराने कागद आत सरकवले, सरळ करायला उजवा हात घातला.

‘आज कुणी पाहुणे आले नव्हते,’ व्याही म्हणाले. ‘तरी काढली, पोराने बटण मारायच्या आत.’

मग विचारलं, त्या वकीलबाई किती वाजता येतात रे?